पंचवीस लिटरच्या अलीकडे आणि पलीकडे

गेल्या महिन्यात मुंबईतल्या तांबाकाट्यावर चार इंची तांब्याच्या नळीचा भाव विचारला. दुकानदाराने काही न बोलता कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. जीएसटी धरून किलोला १,२८०. मला फूटभर नळी हवी होती, म्हणजे सव्वा किलोच्या थोडं वर. २०१४ मध्ये याच गल्लीतून हीच नळी मी ५२० रुपये किलोने नेली होती. ती पावती अजून माझ्या टॅपच्या (आटे पाडायच्या हत्यारांच्या) डबीत आहे.

"काका, काय बनवताय?" त्याने विचारलं. बॉयलर, म्हटलं. चार इंच व्यासाचा, आठ इंच उंच. आत अर्ध्या इंचाच्या तेरा नळ्या. पाणी मावेल जेमतेम लिटरभर. त्याने नळी कापून दिली, कडा कानशीने मारून दिली आणि पन्नास रुपये कमी घेतले. या गल्लीत अजून अशी माणसं आहेत.

मी टर्नर. आयटीआय करून टूलरूममध्ये लागलो आणि चौतीस वर्षं लेथवर काढून निवृत्त झालो. वाफेची इंजिनं हा माझा छंद आहे. जुनी मिळाली तर दुरुस्त करायची, नाही मिळाली तर कास्टिंग, म्हणजे ओतीव सुटे भाग, आणून स्वतः उभी करायची. मुंबईत हा नाद असलेली माणसं मला भेटली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातले दोघे आता नाहीत. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक फोरमन आहेत, मी आहे, आणि दोन वर्षांपासून घाटकोपरहून येणारी डिप्लोमा मेकॅनिकलची एक मुलगी आहे. हा बॉयलर मी तिच्याबरोबर करतोय.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत बॉयलरवर होते. आगवाला म्हणून लागले, फावड्याने कोळसा टाकायचे. मग परीक्षा देऊन सेकंड क्लास बॉयलर अटेंडंट झाले. ते सर्टिफिकेट आमच्या घोडपदेवच्या खोलीत देवाच्या तसबिरींच्या रांगेत होतं. १९१५ मध्ये खोपोलीहून टाटांची वीज आली आणि गिरण्यांची मोठी वाफेची इंजिनं हळूहळू गेली. बॉयलर मात्र राहिले, कारण सायझिंगला, रंगाईला, धुलाईला वाफ लागतेच. भोंगाही वाफेवरच वाजायचा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अण्णांचा बॉयलर विझला तो कायमचा. घरी त्यांनी एकच गोष्ट आणली, त्यांची स्वतःची नोंदवही. तारीख, वेळ, पाण्याची पातळी, दाब, सही.

हे सांगतोय कारण आता मी कायद्याबद्दल बोलणार आहे आणि कायद्याच्या विरोधात बोलतोय असा कोणाचा समज व्हायला नको. बॉयलरचा कायदा कशाला हवा हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये तपासणीचा कायदा आला. सगळ्या देशासाठी १९२३ चा, आणि त्याच्या जागी आता २०२५ चा. अण्णा सांगायचे, वर्षाच्या तपासणीआधी बॉयलर थंड करायचा, उघडायचा, आतून घासून लख्ख करायचा. मग सरकारी साहेब दिवा आणि हातोडी घेऊन स्वतः आत सरपटत जायचे आणि ठोकून आवाज ऐकायचे. "साहेब आत असेपर्यंत माझ्या घशाला कोरड असायची," असं ते म्हणायचे. त्या कोरडेची किंमत मला कळते. गिरणीतल्या मोठ्या लँकेशायर बॉयलरमध्ये टनावारी पाणी असतं. शंभर अंशांच्या वर तापलेलं ते पाणी एकदम मोकळं झालं की त्यातल्या बऱ्याचशाची क्षणात वाफ होते, आणि त्या वाफेला सोळाशेपट जागा लागते.

अडचण वेगळीच आहे. आपल्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी मावणारं भांडं बॉयलर धरत नाहीत. दर चौरस सेंटिमीटरला एक किलोपेक्षा कमी दाबाचंही नाही. म्हणजे माझा हा लिटरभराचा बॉयलर कायद्याच्या बाहेर. तो मी कसा बनवला, कशाने जोडला, कोणी तपासला, हे विचारणारं कोणी नाही. आणि २५ लिटर ओलांडले की मी थेट कारखानदार. ड्रॉइंगला मंजुरी, प्लेटला पोलाद कारखान्याचा दाखला, मान्यताप्राप्त वेल्डर, १९५० च्या नियमावलीप्रमाणे जाडीचे हिशेब, नोंदणी, दरवर्षी तपासणी आणि चालवायला सर्टिफिकेटवाला माणूस. कापड रंगवणारा कारखाना ज्या कायद्यात, त्याच कायद्यात वर्षातून दोन रविवारी एक जुनं इंजिन फिरवून बघणारा माणूस. छंदासाठी वेगळं असं मधलं काही नाहीच.

हे जुनं इंजिन माझ्याकडे आहे. १९९८ मध्ये दारूखान्यात, मुंबईतल्या भंगाराच्या बाजारात, एका भंगारवाल्याच्या ढिगात उभ्या सिलिंडरचं, तीन इंच बोअरचं (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं) इंजिन दिसलं. बहुतेक कुठल्यातरी लाँचचं असावं. पाटी नव्हती, फ्लायव्हीलचा एक आरा तडकलेला, क्रॉसहेड (दट्ट्याचा दांडा सरळ सरकवणारा भाग) गंजून जाम. वजन १४० किलो. लोखंडाच्या भावात ३,२०० रुपयांना मिळालं. टेम्पोचं भाडं आणि चौघांची मजुरी धरून घरापर्यंत आणायला आणखी बाराशे गेले. ते मोकळं करायला मला अकरा महिने लागले. रोज रात्री डिझेल आणि जुनं इंजिन ऑइल मिसळून सांध्यांत सोडायचं आणि सकाळी कामावर जाण्याआधी लाकडाच्या ठोकळ्यावरून हलकेच ठोकायचं. एके दिवशी क्रॉसहेड पाव इंच सरकला. त्या दिवशी मी कामावर अर्धा तास उशिरा पोचलो.

आज ते इंजिन फिरतं, पण कॉम्प्रेसरच्या हवेवर. हवेवर फिरणारं इंजिन बघायला आलेल्या पोरांना आनंद होतो आणि मलाही होतो. पण हवा कोरडी असते. वाफेवर चालताना सिलिंडरच्या तेलाचा जो वास येतो तो येत नाही. सुरुवातीला ड्रेन कॉकमधून गरम पाणी फुरफुरतं, मग सिलिंडर तापला की आवाज बदलतो, एकदम मऊ आणि भरीव होतो. तेही हवेवर होत नाही. गेल्या सत्तावीस वर्षांत हे इंजिन मी एकदाही वाफेवर ऐकलेलं नाही. त्याला लागणारा बॉयलर सव्वाशे-दीडशे लिटरचा. दोन ठिकाणी चौकशी केली. एका कारखान्याने एका नगासाठी ड्रॉइंग मंजूर करून घेणं परवडत नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्याने कागदपत्रांसकट साडेचार लाख सांगितले, वर दरवर्षीच्या तपासणीचा खर्च वेगळा. माझ्या पेन्शनीत हे बसणारं नाही.

बाहेर हा प्रश्न कसा सोडवलाय हे मी बरीच वर्षं वाचत आलोय. इंग्लंडमधल्या मॉडेल इंजिनिअरिंगच्या संस्थांनी लहान बॉयलरसाठी स्वतःची चाचणी-संहिता केली आहे. बारमधला दाब (एक बार म्हणजे साधारण एक किलो) गुणिले लिटर असा हिशेब धरून तीनपासून अकराशेपर्यंतचे बॉयलर त्यात येतात. क्लबचा प्रशिक्षित तपासनीस नव्या बॉयलरला कामाच्या दाबाच्या दुप्पट पाण्याचा दाब देतो, पुढच्या चाचण्या दीडपटीने. अमेरिकेतली गोष्ट जास्त दुःखाची आहे. २९ जुलै २००१ ला ओहायो राज्यात मेडिना इथे जत्रेच्या मैदानावर वाफेचा एक जुना शेतीचा ट्रॅक्टर फुटला. बॉयलरमधलं पाणी खाली गेलं होतं, आतला पत्रा झिजलेला होता, सुरक्षेच्या जोडण्या धड नव्हत्या. पाच जण गेले. त्यानंतर त्या राज्याने छंदासाठी ठेवलेल्या ऐतिहासिक बॉयलरचा वेगळा वर्गच कायद्यात घातला, तपासणी आणि चालवणाऱ्याचा परवाना दोन्हीसकट. छंद बंद नाही केला आणि मोकाटही नाही सोडला. आपल्याकडेही रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलर या कायद्याबाहेरच आहेत, ते रेल्वे स्वतः तपासते. म्हणजे कारखान्याच्या तपासणीखेरीज दुसरी चोख तपासणी असू शकते हे आपल्याला नवीन नाही. २०२५ चा कायदा करताना भाषा सोपी केली, किरकोळ चुकांवरची फौजदारी काढली. ते चांगलंच झालं. तेव्हाच छंदासाठी एक छोटं कलम घालायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

कारण २५ लिटरच्या अलीकडचं स्वातंत्र्य धोक्याचं आहे, आणि हे मी अनुभवाने सांगतो. १९९४ मध्ये मी पहिला बॉयलर केला तो कथलाच्या डागाने, म्हणजे सोल्डरने. चांदीचा डाग परवडत नव्हता आणि सांगणारं कोणी नव्हतं. कथील-शिशाचा डाग १८३ अंशांना वितळतो. चार किलो दाबाला वाफच १५१ अंशांच्या आसपास असते. आग तर त्याहून कितीतरी जास्त. पाणी थोडं खाली गेलं, वरच्या प्लेटचा सांधा सुटला आणि वाफ माझ्या डाव्या हातावर आली. कातडी निघाली, तीन आठवडे घरी. अण्णा तेव्हा होते. ओरडले नाहीत. हाताला मलम लावत म्हणाले, "आग बघायला सगळ्यांनाच आवडतं. तू पाणी बघ." तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॉयलरचा सांधा चांदीच्या डागाचा असतो.

आणि आता चांदीचं काय झालंय बघा. २०२५ च्या डिसेंबरात चांदीने किलोला दोन लाखांचा टप्पा ओलांडला. ४५ टक्के चांदीची शंभर ग्रॅम काडी २०१४ मध्ये मला २,४०० ला मिळाली होती. या वेळी १०,५०० मोजले. एवढ्या बॉयलरला साधारण ऐंशी ग्रॅम लागते. नवीन मुलगा किंवा मुलगी या छंदात आली तर तिला कथलाचा डाग पाचशे रुपयांत दिसतो आणि चांदीचा दहा हजारांत. तपासणारं कोणी नाही. मला झोप लागत नाही ती या हिशेबाने.

इंधनाचंही तसंच. लहान इंजिनांना स्पिरिटचा दिवा लागतो. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. त्यानंतर आमच्या रंगाच्या दुकानदाराने सुटं स्पिरिट ठेवणं बंद केलं. त्याच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. मी गॅसच्या छोट्या बर्नरवर गेलो. मग कोळसा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या बेकऱ्या आणि तंदूरवाल्यांना सहा महिन्यांत लाकूड-कोळसा सोडायला सांगितलं. हवा बघितली तर ते बरोबरच आहे. माझ्या नातीला दर हिवाळ्यात खोकला होतो. पण बेकऱ्यांवर चालणारी आमच्या भागातली कोळशाची वखार त्याच वर्षी बंद झाली. मी तिथून वर्षाला दहा किलो लोणारी कोळसा आणि पाच किलो दगडी न्यायचो. पंधरा किलोच्या गिऱ्हाइकासाठी वखार चालत नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरला असणारा भाचा सांगतो की तिकडेही तेच. वेल्समधली फॉस-ई-फ्रान खाण नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि हेरिटेज रेल्वेवाल्यांना आता समुद्रापलीकडून कोळसा आणावा लागतो.

याच भाच्याने २०२१ मध्ये मला वाढदिवसाला एका लहान उभ्या इंजिनाची कास्टिंग पाठवली. पाऊण इंच बोअर, पाऊण इंच स्ट्रोक. पूर्वी पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूला जकात नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये ती सवलत गेली, जीवरक्षक औषधं आणि राखी एवढीच राहिली. ६,४०० रुपयांच्या सामानावर ४,९०० च्या वर कर भरून मी ते पार्सल सोडवलं. समोरच्या साहेबांना मी ओतीव लोखंडाचे ते ओबडधोबड तुकडे दाखवले आणि यातून इंजिन होणार आहे म्हणून सांगितलं. "खेळणं आहे ना?" ते म्हणाले. मला बोलता आलं नाही. आता बघितलं तर जकातीच्या वर्गवारीत खेळणी आणि छोट्या मापाची मॉडेलं, चालणारी असोत वा नसोत, एकाच शीर्षकाखाली आहेत. खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. भेसळीचं प्लास्टिक लहान मुलांच्या तोंडात जाऊ नये म्हणून हे केलं, आणि करायलाच हवं होतं. पण वर्षाला चार-पाच जर्मन वाफेची इंजिनं आणणारा एक दुकानदार होता, त्याने तेव्हापासून हात जोडले. तेवढ्यासाठी परदेशातला कारखाना इथलं लायसन्स कशाला घेईल?

मुंबईत सगळ्यात महाग मात्र जागा. रे रोडला एका मित्राच्या गाळ्यात कोपऱ्यात माझा लेथ, कॉम्प्रेसर आणि ते १४० किलोचं इंजिन सोळा वर्षं होतं. भाडं म्हणून मी त्याची लहान-सहान टर्निंगची कामं करून द्यायचो. गाळा पुनर्विकासात गेला. लेथ आता वसईला आहे. घरापासून पोचायला दीड-दोन तास. फोरमनसाहेबांना त्र्याहत्तरावं चालू आहे, विरार लोकलमध्ये चढणं त्यांना जमत नाही. ते फोनवरून विचारतात, "पॅकिंग बदललं का?"

तर हा नवा बॉयलर. प्लेटा आम्ही दोघांनी वसईला वळवल्या. तांबं लाल करून पाण्यात बुडवलं की मऊ पडतं, पोलादाच्या अगदी उलट. त्या मुलीला हे पुस्तकात माहीत होतं, पण हातात घेतल्यावर तिचा चेहरा बदलला. लोखंडी फर्म्यावर प्लेट बसवायची, लाकडी मोगरीने कड थोडी-थोडी खाली आणायची. पंधरा-वीस ठोक्यांत तांबं पुन्हा कडक होतं, आवाज चढतो, टणटण वाजायला लागतं. आवाज चढला की थांबायचं आणि पुन्हा लाल करायचं. ती चौथ्या वेळी स्वतःच थांबली. मी काही बोललो नव्हतो.

डाग देताना दोन टॉर्च लागल्या. टाकणखाराची पेस्ट, एकसारखी आच, आणि चांदीची काडी फक्त टेकवायची. तापमान बरोबर असेल तर चांदी आपोआप सांध्यात ओढली जाते, आतल्या बाजूला चकाकती रेघ दिसते. तेरा नळ्यांच्या तेरा रेघा तिने मोजल्या. मग लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर.

गेल्या रविवारी चाचणी घेतली. कायदा सांगत नाही, आम्ही घेतो. बॉयलर काठोकाठ पाण्याने भरला, हवा सगळी काढून टाकली. पाणी दाबलं जात नाही, म्हणून काही सुटलं तरी नुसता काटा खाली येतो, स्फोट होत नाही. चालवायचा दाब चार किलो, म्हणून हातपंपाने आठपर्यंत. पाच किलोला सगळं कोरडं. सात किलोला तिने टीपकागद खालच्या प्लेटवर फिरवला आणि नवव्या नळीपाशी कागदावर मोहरीएवढा ओला ठिपका आला. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. दाब सोडला, पाणी काढलं, वाळवलं, पुन्हा टाकणखार, पुन्हा आच. त्या एका ठिपक्याला बारा ग्रॅम चांदी गेली, साडेबाराशे रुपयांची.

संध्याकाळी पाच वाजता दुसऱ्यांदा. आठ किलोला काटा थांबला. गेज समोर ठेवून आम्ही दोघं बसलो. बाहेर लोकलचा आवाज येत होता. अर्ध्या तासाने काटा होता तिथेच होता. तिने टीपकागद तेराही नळ्यांवरून फिरवला आणि कोरडा कागद मला दाखवला.

अण्णांच्या नोंदवहीत शेवटची बरीच पानं कोरी आहेत. मी तारीख लिहिली, वेळ, आठ किलो, तीस मिनिटं. पेन तिच्याकडे दिलं. "काका, मी सही करू?" तिने विचारलं. चाचणी तूच घेतलीस, म्हटलं. तिने अण्णांच्या सहीच्या खालच्या रकान्यात नाव लिहिलं, आणि पुढे कंसात, तपासलं, असं.